ॲसिड रेन आणि परसातली भाजी: प्रकल्प नोंदी

१८ जून

विषय फायनल झाला एकदाचा. ॲसिड रेनचा भाजीपाल्याच्या वाढीवर परिणाम. मॅडमनी हो म्हणायच्या आधीच अट घातली की व्हिनेगर आणायचं नाही, कारण दरवर्षी कोणी ना कोणी पाण्यात व्हिनेगर मिसळून मुगाच्या रोपांना घालतं, रोपं मरतात, चार्टवर कवटी काढतात आणि निष्कर्ष लिहून मोकळे. ती रोपं व्हिनेगरनं मेलेली असतात, पावसानं नाही. आज लायब्ररीत बसून आम्ही दोघींनी गणित करून बघितलं. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आंबट) ३ चं पाणी सल्फ्युरिक ॲसिडनं करायचं तर लिटरला अर्धा मिलिमोल पुरतो, तोच पीएच ॲसिटिक ॲसिडनं आणायचा तर पन्नास मिलिमोलच्या वर घालावं लागतं, कारण ते वीक ॲसिड, पाण्यात पूर्ण सुटतच नाही. म्हणजे मीटरवर आकडा तोच आणि रोपाच्या मुळाशी शंभरपट माल. शिवाय व्हिनेगर तण मारायला वापरतात हे वेगळंच.

तर आमचं मिश्रण सल्फ्युरिक आणि नायट्रिकचं, खऱ्या ॲसिड रेनमध्ये मुख्य हीच दोन असतात. कोळशातल्या, डिझेलमधल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो, इंजिनच्या आणि भट्टीच्या उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजनची ऑक्साइड्स होतात, आणि वर जाऊन पाण्याशी गाठ पडेपर्यंत त्यांची ही ॲसिडं बनतात. 'ॲसिड रेन' हे नाव रॉबर्ट अँगस स्मिथ नावाच्या केमिस्टनं १८७२ मध्ये वापरलं, त्याआधी वीस वर्षं तो मँचेस्टरच्या धुरकट पावसाच्या मागे होता. एवढं इंट्रोडक्शनला बास.

पिकं तीन. मुळा, कारण दीड महिन्यात हाताला लागतो आणि मातीत काय झालं ते थेट काट्यावर दिसतं. तांबडी भाजी (लाल माठ), कारण तिचं पानच विकायचं असतं, पान डागाळलं की बाजारात कोण घेणार. आणि अळसांदे (चवळी), मुळावरच्या नत्र धरणाऱ्या गाठींसाठी. पार्टनरला टोमॅटो हवा होता पण आपल्याकडे गोव्यात टोमॅटोला आणि वांग्याला मर लागते, उद्या रोप माना टाकायला लागलं तर ते ॲसिडनं की बॅक्टेरियानं हे कोण ठरवणार, म्हणून कट.

२९ जून

लागवड आता नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तोपर्यंत खरा पाऊस गोळा करणं चालू. आमच्या गच्चीवर स्टँडला फनेल, खाली प्लास्टिकची बाटली डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन, तोंडाला जाळी. झाडाखाली नाही, पागोळीखाली नाही, आणि मुख्य म्हणजे पाऊस सुरू झाला की झाकण काढायचं, थांबला की लावायचं, नाहीतर मधल्या वेळेत बसलेली धूळ आणि कावळ्यांची शिट हीच मोजली जाते. हे काम दादाकडे दिलंय, कुरकुरत करतो.

स्वच्छ पावसाचा पीएच सात असतो असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून कार्बोनिक ॲसिड होतं म्हणून अगदी निर्मळ पाऊससुद्धा साधारण ५.६ वर असतो, आणि त्याच्या खाली गेला तर ॲसिड रेन म्हणायचं. स्केल लॉगरिदमिक आहे, ४.६ म्हणजे ५.६ च्या दहापट आंबट, ३.६ म्हणजे शंभरपट.

आमच्या बाटलीत जूनच्या पहिल्या सरींचा पीएच ६.७ आला. काल ६.१. म्हणजे पहिला पाऊस उलट आल्कलीच्या बाजूला! मॅडम म्हणाल्या भारतात हे नेहमीचं आहे, उन्हाळाभर हवेत उडालेल्या धुळीत कॅल्शियम असतं, ते ढगातलं ॲसिड वाटेतच मारतं. युरोपात, अमेरिकेच्या ईशान्य भागात ही धूळ कमी, म्हणून तिकडची तळी आणि जंगलं आधी गेली.

२१ जुलै

धो धो. रस्त्यावर पाणी, कॉलेजला अर्धी उपस्थिती, बाटली दिवसातून दोनदा भरते.

आता रीडिंग ५.७, ५.८ च्या आसपास स्थिर झालंय. धूळ धुऊन गेली आणि वारा थेट अरबी समुद्रावरून येतोय. सुरुवातीला मीटर नुसता नाचत होता, ६.३ दाखवायचा, मग ५.९, मग परत वर, आणि आम्हाला वाटलं इलेक्ट्रोड गेला. बफर ४, ७ आणि ९.२ तिन्हीत बरोबर दाखवत होता. लॅबवाल्या काकांनी सांगितलं पावसाच्या पाण्यात क्षारच नसतात म्हणून इलेक्ट्रोडला पकड मिळत नाही, चिमूटभर पोटॅशियम क्लोराइड टाका आणि हलवून दोन-तीन मिनिटं थांबा. थांबलो. बसला.

पार्टनरचा मूड गेला. वास्कोला एवढी जहाजं, एवढ्या गाड्या, आणि पाऊस म्हणे ठीकठाक. पण त्यालाही कारणं आहेत. मुरगावला येणारा कोळसा इथे मुख्यत: उतरतो आणि रेल्वेनं कर्नाटकात जातो, त्याची धूळ हा त्रास मोठा आहे पण न जळलेल्या धुळीतून सल्फर डायऑक्साइड निघत नाही. जहाजांच्या इंधनात गंधक साडेतीन टक्क्यांपर्यंत चालायचं ते २०२० पासून अर्ध्या टक्क्यावर आलं, आणि त्याच वर्षी एप्रिलपासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे नवे नियम) आल्यावर पेट्रोल-डिझेलमधलं ५० पीपीएमवरून १० वर. आमच्या एका गच्चीवरून अख्ख्या गोव्याचं अनुमान काढायचं नाही हे मॅडमनी वहीत लाल पेननं लिहिलंय, तरी.

गंमत म्हणून विहिरीचं पाणी मोजलं. ५.९. पावसाइतकंच आंबट! तेच पाणी ग्लासात ढवळून ठेवलं तर थोड्या वेळानं वर चढतं, म्हणजे जमिनीतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला होता तो उडाला. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते पाणी जांभ्या दगडातून आलंय आणि जांभ्यात ॲसिड मारायला काही शिल्लकच नाही. हा धागा सोडायचा नाही.

११ ऑगस्ट

आज फक्त कागदी काम, पण प्रोजेक्टमधलं सगळ्यात भारी.

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एका हेक्टरवर तीन कोटी लिटर. समजा हा सगळा पाऊस पीएच ५ चा असता, तर त्यातलं सगळं ॲसिड मारायला किती चुनखडी लागली असती? पंधरा किलो. हेक्टरला, वर्षाला, फक्त पंधरा किलो. पीएच ४ चा असता तर दीडशे किलो. आणि आता दुसरी बाजू, हेक्टरला शंभर किलो नत्र युरियातून दिलं तर मातीत त्याचं नायट्रेट होताना जे ॲसिड सुटतं ते मारायला हिशोबानं १८० किलो चुनखडी धरतात. अमोनियम सल्फेट घातलं तर ५०० किलोच्या वर. म्हणजे जिथे आकाशातून पीएच ४ चा पाऊस पडतोय तिथल्या शेतकऱ्याइतकंच ॲसिड आपण गोणीतून आणून स्वतःच्या हातानं पसरतो, आणि त्याला कोणी ॲसिड रेन म्हणत नाही.

मॅडमनी हिशोब दोनदा तपासला. मग म्हणाल्या, प्रश्न बदला. 'पाऊस किती आंबट' हा तुमचा प्रश्न नाही, 'आधीच आंबट असलेल्या मातीवर आंबट पाऊस पडला तर' हा आहे.

चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर, सप्टेंबर

काही काम नाही. गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधलेली तवशी (काकड्या) आणि दोडकी डोंगरावरच्या मळ्यातली होती एवढीच नोंद, त्या मळ्याची थोडी माती मागून घेतली.

६ ऑक्टोबर

माती आली. मळ्याची आणि आमच्या परसातली अशी मिसळून, चाळून, एक भाग माती अडीच भाग पाणी, अर्धा तास मधूनमधून हलवून मीटर लावला. ५.२. लाल, हलकी, बोटांनी चोळली तर बोटं गेरूसारखी होतात. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइड्स भरपूर, कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी. लाखो वर्षं पडलेल्या पावसानं विरघळेल ते सगळं धुऊन नेलं आणि जे धुता येत नाही ते उरलं, त्यालाच आपण जांभा म्हणतो आणि चिरे काढून घरं बांधतो.

५.५ च्या खाली गेलं की मातीतलं ॲल्युमिनियम पाण्यात सुटायला लागतं आणि ते मुळाच्या टोकाला खातं. फॉस्फरसही लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतो, खत घालूनही रोपाला मिळत नाही. तेव्हा आमची कंट्रोल (तुलनेसाठी, ॲसिड न घातलेली) कुंडीसुद्धा काही आरामात नाहीये.

डिझाइन असं ठरलं. पावसाचे पीएच चार: ५.६, ४.५, ३.५, ३.०. प्रत्येक पीएचला अर्ध्या कुंड्यांत माती आहे तशी, अर्ध्यांत शेतीचा चुना घालून ६.१ पर्यंत आणलेली. शिवाय ३.० ला मुळ्याचे दोन जास्तीचे गट, एकात मातीवर प्लास्टिक बांधून फक्त पानांवर फवारा, दुसऱ्यात पानाला थेंब न लावता फक्त मातीत. ३.० चा पाऊस गोव्यात पडत नाही हे माहीत आहे, पण टोक बघितल्याशिवाय मधलं कळत नाही. शेणखत अगदी थोडं, कारण ते स्वतःच ॲसिड शोषतं आणि मग सगळे गट सारखेच दिसतील.

आजीला चुन्याचं सांगितलं तर म्हणाली त्यात नवीन काय, आम्ही चुलीची राख टाकतोच की भाजीच्या वाफ्यात. राख आल्कलीच, कॅल्शियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. पण पोटॅशियम हे खतही आहे म्हणून कुंडीत राख नको, चुनाच.

४ नोव्हेंबर

शेतांत कापणी उरकत आलीये, ज्यांना पाणी आहे त्यांनी मुळ्या-मिरचीचे वाफे घातलेत, आम्हीही काल पेरलं. वर पारदर्शक पत्रा, बाजू मोकळ्या.

मिश्रण: आधी दोन्ही ॲसिडं सारख्या ताकदीची, ०.१ नॉर्मल, करून घेतली, मग सल्फ्युरिक दोन भाग, नायट्रिक एक भाग. या स्टॉकचं १ मिली लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये गेलं की पीएच ४, १० मिली गेलं की ३. लिटरला १० मिली म्हणजे किती कमी ते हातात घेतल्यावर कळतं, चव घेतली असती तर लिंबू सरबताहून सौम्य लागलं असतं (घेतली नाही). काँसन्ट्रेटेड ॲसिड ओतताना काका बाजूला उभे, गॉगल, ग्लोव्ह्ज, आणि पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी नाही. कंट्रोलला डिस्टिल्ड वॉटर उघडं ठेवलं की आपोआप ५.६ च्या जवळ येतं. नळाचं पाणी अजिबात नको, त्यातलं बायकार्बोनेट सगळं खेळ बिघडवतं.

आठवड्यातून दोनदा कुंडीला अर्धा लिटर, म्हणजे आमच्या कुंडीच्या तोंडाच्या हिशोबानं दहाएक मिलिमीटर पाऊस. बाकीच्या दिवशी पिंपात साठवलेलं जुलैचं पावसाचं पाणी. शनिवारी जरा जास्त, खालच्या तबकात उतरेल इतकं, कारण त्या उतरलेल्या पाण्याचं काम आहे.

२३ नोव्हेंबर

३.० च्या मुळ्यावर डाग आले. ३.५ वर अगदी तुरळक. ४.५ आणि कंट्रोल एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, पार्टनरनं लेबलं झाकून मला ओळखायला सांगितलं, जमलं नाही.

डाग लेन्सखाली बघितले. मुळ्याचं पान लवदार, थेंब केसांवर अडकून राहतो, ओघळत नाही. थेंब जिथे बसून सुकला तिथे आधी फिकट खोलगट ठिपका, मग मध्ये तपकिरी, कडेला बारीक पिवळी रिंग. शिरेच्या बाजूला आणि पानाच्या टोकाला जास्त, कारण पाणी तिथे गोळा होतं. सुकता सुकता थेंबातलं पाणी उडतं, ॲसिड तिथेच राहतं, म्हणजे पडताना ३ असलेला थेंब शेवटी त्याहून खाली गेलेला असतो. दुपारी फवारलं असतं तर आणखी वाईट झालं असतं, आम्ही संध्याकाळी फवारतो. शेजारी अळूचं पान होतं, त्यावर तोच फवारा मारला, मोती होऊन घरंगळला, पान कोरडं. सगळा मेणाच्या थराचा खेळ.

तांबड्या भाजीनं मात्र निराश केलं. मला वाटत होतं लाल कोबीच्या पाण्यासारखा रंग बदलेल. नाही बदलत, कारण तिचा लाल रंग अँथोसायनिन नव्हे, बीटसारखा बीटालेन आहे आणि तो ३ ते ७ पीएचमध्ये टिकून राहतो. ३.० ला डाग पडतात पण लालावर ते दिसायला पान उजेडात धरावं लागतं. फोटोत तर काहीच येत नाही.

७ डिसेंबर

तबकातल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते मोजलं. गाळून २० मिली, अमोनिया बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलणारा इंडिकेटर), वर ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए, जे हे दोन्ही धातू पकडतं; जितकं जास्त लागेल तितके ते जास्त. वाइनसारखा लाल असतो, मग जांभळट, मग एका थेंबाला स्वच्छ निळा. कंट्रोल मातीच्या पाण्याला ०.९ मिली लागलं. ४.५ ला तेवढंच. ३.० ला १.४ मिली झाले तरी लालच, पार्टनर म्हणाली इंडिकेटर जास्त पडला, शेवटी २.१ ला निळा झाला. दुसरी कुंडी घेतली, तेच. म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम दुपटीहून जास्त वाहून चाललंय.

आणि त्याच कुंड्यांच्या मातीचा पीएच? ५.१. पेरताना ५.२ होता.

मला हे कळायला वेळ लागला. पीएच जवळपास हलला नाही म्हणून मातीला काही झालं नाही असं वाटतं, पण तो हलत नाही कारण माती तिच्या कणांना धरून ठेवलेलं कॅल्शियम सोडते आणि त्या जागी हायड्रोजन घेते. पगार थकला तरी एफडी मोडून घर चालवणाऱ्या माणसासारखं, बाहेरून सगळं छान दिसतं. सल्फेट मातीत फारसं अडकलं नाही की जाताना कॅल्शियमला सोबत घेऊन खाली जातं. चुना घातलेल्या कुंड्यांतून तर आणखी जास्त वाहतंय, पण तिथे आहेच भरपूर.

तसं बघितलं तर सीझनभर एका ३.० च्या कुंडीत आम्ही जेवढं ॲसिड ओतणार आहोत ते मारायला ग्रॅमचा तिसरा हिस्सा चुना पुरतो. चिमूट. ज्या मातीत ती चिमूट आहे तिला फरक पडत नाही, जिच्यात नाही तिला पडतो.

२० डिसेंबर

मुळे काढले. सगळं अंगण चिखल.

सरासरी वजन, साधी माती: कंट्रोल ६२ ग्रॅम, ४.५ ला ६०, ३.५ ला ५५, ३.० ला ४१. चुना घातलेली माती: कंट्रोल ९४, ३.० ला ७८. चुन्याचे मधले गट टेबलात आहेत, इथे टाकत नाही.

परत वाचून बघा, चुना घातलेल्या मातीत ३.० च्या पावसाखाली वाढलेला मुळा साध्या मातीत स्वच्छ पावसाखाली वाढलेल्या मुळ्यापेक्षा मोठा आहे. पानांवर डाग दोन्ही ३.० ना सारखेच. फक्त पानांवर फवारलेला गट ५३ वर, फक्त मातीत ओतलेला ४९ वर. तेव्हा डाग फोटोला चांगले पण वजन कमी व्हायला मातीचाही तेवढाच हात आहे. पण कुंड्या गटाला पाचच, ५३ आणि ४९ मधल्या फरकावर मी पैज लावणार नाही.

साध्या मातीतल्या ३.० ची बारीक मुळं आखूड, जाडसर, टोकाला तपकिरी, फांद्या कमी. ॲल्युमिनियमची पुस्तकी लक्षणं अशीच असतात. मोजायची सोय कॉलेजात नाही म्हणून रिपोर्टात 'सुसंगत' एवढाच शब्द घालायचा, सिद्ध झालं म्हणायचं नाही.

चुन्याच्या मातीतल्या कंट्रोलच्या मुळ्यांची आईनं पाल्यासकट भाजी केली. ३.० चे कोणी खाल्ले नाहीत, खरं म्हणजे काही झालं नसतं.

९ जानेवारी

अळसांदे फुलावर आले, उपटले. गाठी मोजायच्या आणि कापायच्या. गाठ म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी ते मिरीएवढी, ब्लेडनं अर्धी केली की आत गुलाबी दिसली तर रायझोबियम (हवेतलं नत्र पकडणारे बॅक्टेरिया) कामावर आहे, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. पांढरट किंवा हिरवट निघाली तर नुसती जागा अडवून बसलीये. साध्या मातीत कंट्रोललासुद्धा गाठी थोड्याच, ३.० ला त्याहून कमी आणि त्यातल्या बऱ्याच आतून पांढऱ्या. चुन्याच्या मातीत भरघोस, एका मुळाला तर घोस लागल्यासारख्या, आणि कापल्या की गुलाबी, अगदी ३.० लाही. शेंगांची वाट बघायला वेळ नाही पण झाडाची उंची बघून कळतंच.

रायझोबियमला आंबट माती सोसत नाही, कॅल्शियम कमी असेल तर मुळाला चिकटायलाच जमत नाही. म्हणजे ज्या पिकाकडून आपण फुकटचं नत्र मिळेल अशी आशा करतो ते या मातीत नत्र करत नाही, मग युरिया टाकायचा, मग माती आणखी आंबट. ऑगस्टचा हिशोब इथे येऊन भिडला.

१७ जानेवारी

रिपोर्ट टाइप होतोय. शीर्षकावरून वाद झाला, पार्टनरला 'ॲसिड रेनचे घातक परिणाम' हवं होतं, आमच्या निकालात घातक फक्त ३.० आहे आणि तो पाऊस इथे पडत नाही, म्हणून 'घातक' गेलं. मॅडमनी विचारलं की मग गोव्यातल्या शेतकऱ्याला यातून काय सांगणार? माती तपासून घ्या, पीएच साडेपाचच्या खाली असेल तर पेरणीआधी चुना किंवा डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) मिसळा, आणि अमोनियम सल्फेट जपून वापरा. पावसाचं काही करू नका. अंदाजानं जास्त चुना ओतलात तर जस्त, मँगनीज, बोरॉन मिळेनासं होतं, तेही सांगायचं.

मॅडमचा दुसरा प्रश्न अडचणीचा होता. कुंडीत आम्ही आठवड्याला वीस मिलिमीटर ॲसिडचा पाऊस पाडला, जुलैत आपल्याकडे एका दिवसात शंभर पडतो. मग साध्या ५.७ च्या पावसानंसुद्धा वाफ्यातून कॅल्शियम किती जात असेल? कुंडीवरून हे सांगता येत नाही. पुढच्या बॅचच्या दोघांनी विषय घ्यायची तयारी दाखवलीये, त्यांना ब्युरेट, ईडीटीएची उरलेली बाटली आणि आमचा डेटा देतोय. मे संपायच्या आत आजीच्या वाफ्याखाली दोन तबकं पुरायची, एक राख घातलेल्या भागात, एक न घातलेल्या, आणि नळी बाहेर काढून ठेवायची. आजीची परवानगी मिळालीये, अट एवढीच की मिरचीच्या बाजूला खणायचं नाही.